हिरामावशीचं नाक

आमची शेजारीण हिरामावशी माणसाला आधी हुंगते, मग बोलते. नवऱ्याच्या नोकरीपायी मी जालन्याहून मुंबईत मढच्या कोळीवाड्यात राहायला आले, तेव्हा हिनं दारातच माझ्या खांद्याला नाक लावलं आणि निकाल दिला, "रडलीस गो. आन् जेवली बी नायस." दोन्ही खरं होतं. अंधेरीच्या बाजारात ती मासळी विकायची, पण ताजेपणा जोखायला कल्लेबिल्ले बघायची नाही. "डोले फसवतील, नाक नाय फसवायचं!" हे ती अशा आवाजात सांगायची की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईकही दचकावं.

सगळ्यात हाल तिच्या नवऱ्याचे. दामूकाका संध्याकाळी घरी आला की मावशी कमरेवर हात ठेवून दारात उभी. "तोंड हिकरं कर!" मग हुंगणं, मग शिव्या, मग अख्ख्या गल्लीची फुकट करमणूक.

एका संध्याकाळी चमत्कार झाला. मावशीनं हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि किंचाळलीच, "वास नाय! दादल्यान माज्या दारू सोरली गो!" गल्लीत पेढे वाटले, एकवीरेची ओटी भरून आली. आता दामूकाका कुठे पितो, कधी पितो, कुठली पितो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण सांगणार कोण? काकाही शहाणा. प्यायचा आणि गुपचूप झोपायचा.

त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत मावशी हळूहळू बदलली. आवाज खाली आला, चेहरा शांत झाला, चाल संथ झाली. चालताना डावा हात हलेनासा झाला. बायका म्हणायच्या, "नवरा सुधारला की बाई अशी निवते." मलासुद्धा हेवा वाटला. आग लागो माझ्या अकलेला!

मग एकदा मी बाजारात मावशीजवळ बसले होते, तेव्हा एका बाईनं पापलेट परत आणून मावशीच्या पाटीत आपटलं. शेजारच्या कोळणींनी पदर नाकाला लावले. मला तर ओकारी येत होती. मावशीनं ते पापलेट नाकाशी धरलं आणि म्हणाली, "ताजं फरफरीत हाय." आणि मांडीवर ठेवलेला तिचा डावा हात आपला आपण थरथरत होता, बोटं माळ ओढल्यासारखी.

तिला मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायला मला आठवडाभर भांडावं लागलं. "मना काय येड लागलंय?" एवढंच पालुपद. डॉक्टरनं डोळे मिटायला लावून नाकाखाली कॉफी धरली, तर मावशी म्हणते, "रिकामी डबी काय हुंगवतोस?"

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "नुसता वास सर्दीनंही जातो. पण आवाज उतरला, चाल मंदावली, चेहरा थिजला, बसल्या जागी हात हलायला लागला, तर थांबायचं नाही. लगेच यायचं. हा पार्किन्सन वाटतोय. औषधानं त्रास कमी होईल, पण मुळासकट जायचा नाही."

"आणि वास?" मी विचारलं.

"त्याची आशा धरू नका. हात हलायच्या कितीतरी वर्षं आधीच नाक जातं पुष्कळदा."

आजाराबद्दल मावशी चकार शब्द बोलली नाही. मढला परतताना फेरीबोटीत बसल्यावर मात्र हळूच म्हणाली, "म्हंजे त्यान सोरलीच नाय." मग माझ्याकडे वळली. "तुमाला समद्यांना ठावं होतं?" मी मान डोलावली. काय करू, खोटं बोलवेना. जीव नुसता तुटत होता.

दामूकाका दारातच उभा होता, काळजीनं अर्धा झालेला. "काय बोल्ला डॉक्टर?" मी चार हात लांब, तरी मला भपकारा आला. आता काकाची वाट लागणार, म्हणून मी पिशवी छातीशी धरली. मावशी पुढे झाली. त्याच्या तोंडाशी नाक नेऊन तिनं पूर्वीसारखा लांब श्वास घेतला.

"वास नाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की काकाला कान पुढे करावा लागला. "वास नाय, मी बोलतंय ना. शाना हाय माजा दादला."

काका खूश होऊन तिच्यासाठी पाणी आणायला आत पळाला. मावशीनं माझा दंड धरला.

"भांडाया आता आवाज कुठं ऱ्हायला गो? तू गप रव. खोटी तर खोटी, सुखाची वर्सां मना तीच गावली."