गाडी गार ठेवायची!

गाडी दुरुस्त करायला मेकॅनिक लागतो, ही अफवा मेकॅनिक लोकांनीच उठवली आहे, असं माझं ठाम मत होतं. गाडीला लागतं काय? थोडं तेल, थोडी माया आणि माझ्यासारखा तयार कान! नुसत्या आवाजावरून मी सांगतो, कुठे काय बिघडलंय ते. आमच्या गल्लीत मला ‘इंजिनीअर’ म्हणतात. मी विमा कचेरीत कारकून आहे हे ठाऊक असूनही म्हणतात, यावरून काय ते समजा! (बायकोच्या मते, यावरून गल्ली कशी आहे ते समजतं.)

तर माझी मोटारसायकल. जुनी, किकवाली, हाडापेराने दणकट. सकाळी गार असताना एका किकमध्ये सुरू! पण एकदा का तापली आणि तापलेली बंद केली, की संपलं. किक मारा, विनवण्या करा, पाया पडा, ती हूं की चूं करायची नाही. मग तिला गार होऊ द्यायचं, आपणही गार व्हायचं, आणि पुन्हा पहिल्या किकला सुरू!

यावर मी साधा उपाय काढला होता. गाडी बंदच करायची नाही! दुधाची पिशवी मी चालत्या गाडीवरून उचलायचो. वाण्याला एका फेरीत ओरडून सामान सांगायचो आणि दुसऱ्या फेरीत घ्यायचो. मेव्हण्याकडे गेलो तर त्यालाच खाली बोलवायचो आणि फुरफुरत्या गाडीवर बसून ख्यालीखुशाली विचारायचो. तो बिचारा धुरात खोकत उत्तरं द्यायचा.

"अहो, दाखवा ती कुणाला तरी," बायको म्हणायची.

"दाखवायचं काय त्यात? स्वभाव आहे तिचा!"

आणि मग बायकोला नोकरी लागली.

रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये. घरोघरी जाऊन नमुने गोळा करायचे, गाडी लॅबचीच, पण गिअरची. पोरगी मोठी होईपर्यंत माझी बायको घरात अडकून पडली होती. मुलाखत देऊन आली त्या संध्याकाळी ती उगाचच आरसा पुसत होती आणि पुसता पुसता त्यात बघून हसत होती. मला फार बरं वाटलं. अट एकच होती, गिअरच्या गाडीचं लायसन्स.

पहिल्या परीक्षेला मी जातीने हजर होतो. गाडी झकास पळावी म्हणून मैदानाबाहेर चकरा मारमारून मी ती मस्त तापवून दिली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी मध्येच गाडी बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितली. बायको किक मारतेय, मारतेय, मागची रांग हसतेय! साहेबांनी मान हलवून नापास केलं. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. घरी आल्यावर बोलली, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लॅबच्या मॅडमनी निक्षून सांगितलं, "सोमवारी लायसन्स दाखवा, नाहीतर मी दुसऱ्या मुलीला बोलावते." परीक्षेची पुढची तारीख मिळाली नेमकी शनिवारची. आता चुकायला जागाच उरली नव्हती.

"शेजाऱ्यांची गाडी मागू या," बायको म्हणाली.

"त्या उंटावरून तुझे पाय जमिनीला टेकत नाहीत."

"मग मेकॅनिककडे न्या."

"घरात मी असताना?"

मी प्लग बदलला. कार्बोरेटर उघडला, पुसला, फुंकला, जोडला. एक स्क्रू उरला. तो मी कुणाला न दाखवता खिशात टाकला. गाडी गार असताना सुरू, तापल्यावर ढिम्म! वायर बदलली. गार सुरू, गरम ढिम्म! शेवटी गुरुवारी नाक मुठीत धरून मेकॅनिककडे गेलो. चांगली तापवून नेली आणि त्याच्या दारातच बंद केली.

"आता मारा किक!" मी म्हणालो.

त्याने शेजारच्याशी चाललेलं बोलणंही थांबवलं नाही. एक किक मारली. गाडी सुरू! बंद केली, पुन्हा मारली. पुन्हा सुरू!

"काय होतंय हिला?" त्याने विचारलं.

"तापली की सुरू होत नाही."

"ही तापलेलीच आहे की."

"तेच तर म्हणतोय मी!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच कपाळाला हात लावून बघितला. डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरावा, तशातली गत! घरी आलो, गाडी बंद केली, किक मारली. ढिम्म! आता मात्र मला तो स्वभाव वाटेना. सरळसरळ वैर दिसायला लागलं.

शुक्रवारी लेकीच्या काळजीने सासरेबुवा येऊन दाखल झाले. माणसाने सगळी नोकरी कारखान्याच्या बॉयलरवर काढलेली. उष्णता या विषयात त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, इंजिनाला बोट लावून चटका घेतला आणि निकाल दिला.

"जावईबापू, तापलेल्या लोखंडाशी वाद घालायचा नसतो. गार असताना सुरू होते ना? मग गारच न्यायची. ढकलत!"

"मैदानापर्यंत?"

"साहेबांपुढे पहिल्यांदाच सुरू होईल. दोन चकरांत काय तापणार आहे?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला नाही म्हणवेना. मग मी तिची उजळणी घेतली. आधी चोक ओढायचा, मग किक, मग बेताने रेस. चोक म्हणजे हँडलजवळचा छोटा खटका. तो ओढला की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. मी गाडी सुरू करताना तो ओढतो म्हणजे ओढतोच. उपाशीपोटी कुणाला कामाला लावू नये! बायको पोळपाटावर हात आपटून घोकत होती, "चोक, किक, रेस. चोक, किक, रेस."

शनिवारी आमची वरात निघाली. मी हँडल धरून ढकलतोय, बायको हेल्मेट घालून मागून जोर लावतेय, आणि सासरेबुवा एका हातात छत्री, एका हातात ओला टॉवेल घेऊन गाडीवर सावली धरून चाललेत. स्वतः उन्हात! मध्येच टॉवेल इंजिनावर ठेवायचे, बोट लावायचे आणि म्हणायचे, "गार आहे. चला."

रस्ताभर लोक विचारत होते, "पेट्रोल संपलं का हो?" मी "हो, हो" म्हणत पुढे सरकत होतो. पण चौकात एक दणकट, परोपकारी गृहस्थ आडवा आला.

"व्हा बाजूला! अशा गाड्या मी चुटकीसरशी सुरू करतो!"

"नको, नको!" आम्ही तिघंही ओरडलो.

"संकोच कसला?" म्हणून त्याने टांग टाकली, चोक ओढला, किक मारली आणि गाडी सुरू! वर त्याने रेस अशी पिळली की छत्री थरथरली.

"बंद करा!" मी किंचाळलो.

"अहो, सुरू झाली!"

"म्हणूनच बंद करा!"

सासरेबुवांनी ओला टॉवेल इंजिनावर फेकला. चर्र आवाज झाला, वाफ उठली. तो गृहस्थ घाबरून उतरला आणि पळाला. मी झटकन गाडी बंद केली आणि किल्ली काढून खिशात टाकली. आरडाओरडा ऐकून पलीकडून हवालदार आला.

"गाडी कुणाची?"

"माझीच."

"बिघडलीय?"

"नाही."

"पेट्रोल?"

"भरपूर आहे."

"मग ढकलताय कशाला?"

"तापू नये म्हणून."

हवालदाराने छत्रीकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, मग कमरेवर हात ठेवले. "सुरू करून दाखवा."

"तेवढं सोडून काहीही सांगा, हवालदारसाहेब!"

"म्हणजे किल्ली नाही. चोरीची दिसतेय. चला चौकीवर!"

परीक्षेची वेळ टळत होती, आणि मी खिशातून किल्ली काढायला गेलो तर हाताला लागला तो परवाचा स्क्रू! तो मी हवालदाराला दाखवला. का दाखवला, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात बायकोने हेल्मेट काढलं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "दादा, हा माझा नवरा आहे. गाडी यांचीच आहे. मला लायसन्सची परीक्षा द्यायची आहे, आणि आज चुकली तर हाताशी आलेली नोकरी जाईल. यांना चौकीवर न्यायचं तर खुशाल न्या. मला तेवढं गाडीसकट सोडा!"

हवालदार विरघळला. "नवरा का?" त्याने पुन्हा एकदा स्क्रूकडे पाहिलं. "जा ताई. देव तुमचं भलं करो."

धापा टाकत मैदानावर पोचलो तेव्हा तिचं नाव पुकारणं सुरूच होतं. तेच साहेब! त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुन्हा हीच गाडी?"

कुंपणाबाहेर मी आणि सासरेबुवा गज धरून उभे राहिलो. बायकोने चोक ओढला, किक मारली. सुरू! तिने इंग्रजी आठचा आकडा असा काढला, की पाटीवरसुद्धा तिचा इतका चांगला आला नसेल. खांबांना धक्का नाही, पाय जमिनीला नाही. माझी छाती फुगली. आता साहेबांनी पटकन थांबवावं, एवढंच मागणं होतं.

साहेब फोनवर बोलायला लागले! हातानेच तिला खूण केली, चालू ठेवा, चालू ठेवा.

बायको चकरा मारतेय. साहेब बोलतायत. कुणाच्या तरी बदलीबद्दल काहीतरी चाललं होतं आणि ते संपतच नव्हतं.

"तापतेय," सासरेबुवा पुटपुटले. आणखी एक चक्कर. "चांगलीच तापतेय, जावईबापू!" त्यांनी माझा दंड असा आवळला, जसा काही मीच वाफ सोडणार होतो. टॉवेल हातात होता, पण गाडी आत आणि आम्ही बाहेर!

अखेर फोन खाली आला. "थांबा. तिथेच, चढावर. गाडी बंद करा."

तिने बंद केली. मैदान एकदम शांत झालं.

"करा सुरू."

मला ती आरसा पुसताना दिसायला लागली. सोमवारी त्या लॅबमध्ये दुसरीच कुणीतरी मुलगी उभी राहील, आणि ही मात्र त्याच घरात, तोच आरसा पुसत राहील. माझ्यामुळे! मला राहवलंच नाही. मी गजांतून अर्धा आत घुसलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "चोक! अगं, चोक ओढ! चोक!"

बायकोने मान वळवली. हेल्मेटच्या काचेतून माझ्याकडे पाहिलं. तिचा हात चोककडे गेला, तिथेच घुटमळला. मी दोन्ही हातांनी ओढायच्या खुणा करत होतो. तिने पुन्हा एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, हात काढून घेतला, आणि चोकला न शिवता सणसणीत किक मारली.

गाडी सुरू!

चढावरून अलगद वर, वळसा, आणि साहेबांपुढे येऊन थांबली. साहेबांनी मान डोलावली. पास! सासरेबुवांनी डोळ्यांना तो ओला टॉवेल लावला आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. मी तर गजांतच अडकलो होतो. मला ओढून बाहेर काढावं लागलं.

"अगं, चोक का नाही ओढलास?" बायको बाहेर आल्यावर मी पहिला प्रश्न हाच विचारला.

"तुम्ही इतक्या जोरात सांगत होतात," ती म्हणाली, "की तसं करायचं नाही, एवढं मला कळलं."

मी काही उत्तर देणार, तोच साहेब स्वतः कुंपणापाशी आले. "मघाशी चोक चोक कोण ओरडत होतं?"

सासरेबुवा चटकन माझ्यापासून दूर सरकले.

"मी," मी म्हणालो.

"तापलेल्या इंजिनाला चोक? नेहमी ओढता?"

"न चुकता."

"मग ते गुदमरणार नाही तर काय होणार? आधीच पोट भरलेलं, त्यात तुम्ही वरून पेट्रोल ओतताय! गार होऊन ते उडून गेलं की सुरू होत असेल. होते ना?"

बायको माझ्याकडे बघत होती. सासरे माझ्याकडे बघत होते. मागच्या रांगेतले सगळेच बघत होते. साहेबांनी हात पुढे केला. "जरा तुमचं लायसन्स बघू."

मी सांगितलं, घरी राहिलंय. होतं खिशातच, त्या स्क्रूच्या शेजारी. पण त्या घटकेला ते माझंच आहे असं म्हणायला माझी जीभ उचलेना!