जपानी अक्षरांवर खेमाची रेघ

या, असे जवळ सरका. बुवांना यायला अजून अवकाश आहे. टाळ खाली ठेवा, तोवर आसेगावात घडलेली एक हकीगत सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. ज्याच्यावर ती गुदरली तो जगदेव मात्र त्या दिवशी हसला नव्हता, आणि अजूनही फारसा हसत नाही.

जगदेवची मुलगी मंजुषा नर्सिंग शिकलेली. जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला मुली हव्यात असं कळलं, तेव्हापासून ती वाशीमला धम्मरत्न सरांच्या वर्गात जपानी शिकू लागली. दोन वर्षं रोज एसटीने येजा. शेवटी तिकडच्या एका वृद्धाश्रमात जागा उरली एक आणि मुली राहिल्या दोन, दुसरी कामरगावची. आश्रमाच्या किमुराबाई स्वतः येऊन दोघींची घरं पाहणार आणि मग एकीला नेणार, असं ठरलं.

"बोर्ड लागते," जगदेव म्हणाला.

"बाबा, बोर्ड कायले? त्या घर पाह्यले येऊन राह्यल्या."

"सप्त्याले महाराज येतात, त त्याइच्यासाठी फाट्यावर बोर्ड लागते. हे त अख्खं जपान येऊन राह्यलं माय."

मंजुषाने हार मानली आणि सरांकडून कागदावर चार अक्षरं आणली. पहिली दोन स्वागताची, पुढची दोन बाईंच्या नावाची. किमुरा म्हणजे झाड आणि गाव. झाडाचं अक्षर झाडासारखंच होतं: उभं खोड, आडवी फांदी, खाली पसरलेली मुळं. कागद घेऊन बापलेक खेमा पेंटरकडे गेले.

खेमाने चाळीस वर्षं पंचक्रोशीतल्या सगळ्या सप्ताहांचे बोर्ड रंगवले होते. पट्टी ठेवून आधी लांबलचक शिरोरेघ ओढायची आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचं, ही त्याची पद्धत. त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हे जपानी हाये?"

"मुळात चीनचं," मंजुषा म्हणाली. "जपानी लोकाइपाशी लिहायले काई नोतं. दीड हजार वर्षांपूर्वी चीनची अक्षरं घेतली, अन् मंग त्यातलीच काई कापून-छाटून लहान अक्षरं बनवली."

"म्हंजे कापलेलं चालते त्याइले?"

"हो काका. पन तुमी जसं हाये तसंच काढा."

"बापा, मी काय आजचा पेंटर हाय?" खेमा म्हणाला, आणि जगदेवला तेवढ्या भरवशावर रात्री निवांत झोप लागली.

ठरल्या दिवशी किमुराबाई सकाळी दहाला येणार होत्या. साडेनऊला खेमा सायकलवर बोर्ड घेऊन आला. जगदेवने तो अंगणात उभा केला, आणि मंजुषा मटकन ओट्यावर बसली.

चारही अक्षरांवर एक ठसठशीत लाल शिरोरेघ होती. अक्षरं तिला कपडे वाळत घातल्यासारखी लोंबत होती. शेवटी दोन उभे दंडही होते.

"काका, हे काय केलं?"

"उघडी होती ना सारी. डोक्यावर काईच नाई. पाहुनीच्या नावाले असं बोडकं ठेवतेत काय?"

"अन् झाडाचा शेंडा कुठं गेला?"

"तो रेघेच्या वर येऊन राह्यला होता. छाटला. तूच त म्हटलं ना, कापलेलं चालते. चीनहून जपानात जाता जाता बदललं, त आसेगावात येऊन जरासं सुधरलं, त कोनाचं काय गेलं?"

मंजुषाने घासलेटमध्ये चिंधी भिजवून रेघ पुसायला घेतली. रंग ओला होता. रेघ पुसली गेली नाही, बोटभर होती ती चार बोटं झाली, आणि तिच्यातून ओघळ उतरून अक्षरांना नव्या वेलांट्या लागल्या. आता ते काय आहे हे सरांनाही सांगता आलं नसतं.

"उलटा करा बोर्ड," जगदेव घाईने म्हणाला.

उलटा केला. पत्रा जुना होता. मागे लिहिलं होतं, "येथे बैलांना नाल ठोकून मिळेल."

"सरळच ठेवा बाबा," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत झाला होता. "माह्यं सपलं. आता कामरगावची जाईल. दोन वर्षं एसटीत उभी राह्यली मी, अन् एका रेघेनं गेलं." जगदेवला लेकीकडे पाहवेना. तो खेमाकडे पाहत राहिला, आणि खेमा स्वतःच्या रेघेकडे. खरं सांगायचं तर कौतुकानेच.

तेवढ्यात गाडी आली. धम्मरत्न सर आधी उतरले, बोर्ड पाहून पुन्हा गाडीत बसू लागले, पण मागून किमुराबाई उतरल्या होत्या. सत्तरीच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात छोटी छत्री. त्या दोन पावलं चालल्या आणि बोर्डासमोर थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी छत्री मिटली, हात जोडले आणि कमरेतून वाकल्या.

जगदेवची आई सोजरबाई दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. पाहुणी बोर्डाला नमस्कार करते म्हणजे काहीतरी देवाचं असणार, असं समजून तिने पुढे होऊन बोर्डाला हळद-कुंकू वाहिलं आणि ओवाळलं.

किमुराबाई हळू आवाजात काहीतरी बोलल्या. सर मराठीत सांगू लागले.

"त्या म्हणतात, आमच्या देवळांत आणि समाध्यांवर अशीच फार जुनी अक्षरं असतात. भारतातून चीनमार्गे आली. आम्हाला कुणालाही वाचता येत नाहीत, आम्ही फक्त हात जोडतो. माझ्या आईच्या समाधीवरही आहेत. ज्या घराने मला त्या अक्षरांनी बोलावलं..." सर थांबले. "पुढचं मले सांगवत नाई."

बाईंचे डोळे भरले होते.

मंजुषाने खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण सोजरबाईने तोवर पाहुणीचा हात धरून तिला घरात नेलं होतं, स्वतःजवळ बसवून भाकरीवर लोणी वाढलं होतं, आणि एकमेकींचा एक शब्द न कळता दोघींचं बोलणं रंगलं होतं. निघताना बाईंनी मंजुषाचं नाव पक्कं केलं आणि एकच गोष्ट मागितली. बोर्ड.

"न्या म्हना," जगदेव सरांच्या कानाशी लागला. "पुरावा त जाते घरातून."

पुरावा गेला तो थेट आश्रमाच्या मोठ्या दालनात, मंजुषाच्या कामाच्या जागी, दिवे लावून टांगला गेला. "सुस्वागतम किमुरा" या मजकुरापुढे चाळीस म्हातारी माणसं रोज सकाळी डोळे मिटून हात जोडू लागली. मंजुषा त्याखालून जाताना श्वास रोखून धरी. फोनवर म्हणे, "बाबा, लोकं सुट्टीत घरी यायची वाट पाहतेत, मी पकडली जायची वाट पाहून राह्यली."

आणि गेल्या महिन्यात एक नवे आजोबा दाखल झाले. जन्मभर शाळेत मुलांकडून अक्षरं गिरवून घेतलेले गुरुजी. त्यांची खुर्ची बोर्डासमोर लागली. दोन दिवस ते मान तिरकी करून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तळहात उचलून डोळ्यांसमोर आडवा धरला आणि रेघ झाकली. मग मंजुषाला बोटाने जवळ बोलावलं.

"आमच्या बाईंच्या झाडाचा शेंडा कुणी तोडला?" त्यांनी विचारलं.

मंजुषाने रडत रडत सगळं सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं, पोट धरून हसले, आणि म्हणाले की कुणाला सांगणार नाही. मात्र सकाळचा चहा घेताना रोज तुमच्याकडचं एक भजन ऐकव. मंजुषाला गळा नाही, हे तिने कबूल केलं. मग बापाला फोन लाव, आजोबा म्हणाले.

तिकडचे नऊ म्हणजे आपले साडेपाच. जगदेवने आयुष्यात कधी भजन म्हटलेलं नाही. मंडळी त्याला टाळसुद्धा देत नसत. आता तो रोज उजाडायच्या आत फोनसमोर बसून भसाड्या आवाजात एक अभंग ओढतो. शेजारी खेमा टाळ धरतो, दीड मात्रा पुढे. आजोबा शंभरी गाठणार म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे.

तर मंडळी, पहाटे तुमच्या गावच्या देवळात काकडा चालू होईल, तेव्हा सुरात गाताना आसेगावच्या जगदेवाची एकदा आठवण करा.