तांबड्याचा डावा गुडघा

आमच्या आटगावात गुडघ्याला पट्टा घालणारा बैल एकच. तांबड्या. आणि मेडिकलमध्ये जाऊन त्याच्यासाठी तो पट्टा मागणारा माणूसही एकच, आमचे शेजारी बारकूकाका. शहापूरच्या दुकानदाराने विचारलं, "पेशंटचं वजन किती?" काका म्हणाले, "चार मानसांचं धरा." दुकानदार पोट धरून हसला. काका हसले नाहीत. औषधाच्या बाबतीत ते कधीच हसत नाहीत.

"आधी जनावर, मंग मानूस," हे त्यांचं पालुपद. त्याचं खापर गाव माझ्या डोक्यावर फोडतं. मी रोज लोकलने जाऊन-येऊन मुंबईला एका प्रयोगशाळेत काम करतो. तिथे संधिवाताचा अभ्यास उंदरांवर चालतो. उंदरांचे सांधे सुजवायचे, काहींना औषध द्यायचं, काहींना नाही, आणि मग दोघांत फरक पडतो का ते बघायचं. ओटीवर चहा पिताना मी हे सहज बोलून गेलो. झालं! काकांनी कपबशी खाली ठेवली.

"लॅबवाल्या, तुमचा उंदीर नांगर वढतो?"

"नाही हो काका."

"चिखलात उभा ऱ्हातो?"

"तो कशाला राहील?"

"मंग त्याचा गुडघा न् आमच्या बाईचा गुडघा एक कसा?"

आमची बाई म्हणजे काकी. उभा जन्म भाताच्या आवणीत, गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावण्यात गेला आणि दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला. गेले दोन हंगाम त्यांना शेतावर जाता आलेलं नाही. त्यांची हौस एवढीच, की यंदा लोंब्या भरल्या की एकदा बांधावर उभं राहून आपलं भात डोळे भरून बघायचं. तांबड्याचेही पुढचे दोन्ही गुडघे आखडलेले. "दोगांनी एकाच चिखलात जलम काढला," काका म्हणाले. "ह्याला लागू पडलं तर तिला पडंल." माझ्या साहेबांना हा मुद्दा सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

उंबरमाळीकडच्या एका म्हातारीने निरगुडीचं तेल करून दिलं होतं. दुसरा कोणी असता तर त्याने ते सरळ बायकोच्या गुडघ्याला चोळलं असतं. काका तांबड्याच्या उजव्या गुडघ्याला चोळायचे आणि वर पट्टा बांधायचे. डावा मात्र कोरडा. "फरक कळाया नको?" रोज सकाळी मला गोठ्यात ओढून न्यायचे. "नीट बघ, तोंड सुजलंय काय रे त्याचं?" आता बैलाचं तोंड मुळातच एवढं, सुजलं तरी कळणार कसं? मी आपला "नाही" म्हणून सुटायचो.

गणपती गेले आणि तांबड्या चक्क लंगडायचा थांबला. मी अभिनंदन करायला गेलो तर काका कपाळाला हात लावून बसलेले.

"अरे, डावापन बरा झाला! त्याला तर थेंब लावला नाय मी!"

चौकशी सुरू झाली. गुराख्याला दटावून झालं, माझ्याकडेही संशयाने बघून झालं. शेवटी दारातून काकीच म्हणाल्या, "मी लावलं."

"तू?"

"तुमी दुपारी झोपलात का जात व्हते भिंत धरून. एकच पाय चोळता त्या मुक्या जिवाचा! डावा काय सवतीचा हाय?"

"अगो, समदं फुकट घालवलंस! आता परत पयल्यापासून!"

"परत? तवर भात कापून व्हील! मी काय नुसता पेंढा बघू?" पदर डोळ्यांना लावून काकी आत गेल्या.

मला राहवलं नाही. "काका, साधं चोळायचं तेल आहे. लावा ना सरळ."

काका तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "शापूरच्या बाजारातून एकदा पुडी आनली व्हती मी," ते म्हणाले. "गुडघ्यावर रामबान म्हनून. घेतली न् ही पळाया लागली. मंग हिचं तोंड सुजलं. असं सुजलं, पोरांना वळख येयना. ठान्याला इस्पितळात काचंतून बघत व्हतो मी तिला. माझ्या हातानं दिलेली पुडी, बाबा."

काका बैलाच्या तोंडाकडे रोज काय बघत होते ते मला आता कळलं.

आतून काकी भिंत धरत आल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "ती पुडी मी मागितलेली," त्या म्हणाल्या. "आवनी खोळंबली व्हती. तुमी नुसती आनलीत. इतकी वरसं ह्येच घेऊन बसलाव काय वो?" आणि ओटीवर बसून त्यांनी पाय लांब केले. "लावा."

काकांनी तळहातावर तेल घेतलं. उजवा गुडघा चोळायला लागले, पण गुडघ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते सारखे काकींच्या तोंडाकडे बघत होते.

"सुजलं काय?" काकींनी विचारलं.

"नाय गो."

"मंग डावा घ्या आता."