फक्कीचा बंगला

शुक्रवार, ११ जानेवारी १९४६. सातवीच्या एकवीस मुलींच्या वळकट्या तपासायचं काम माझ्याकडे होतं. एकीच्या सतरंजीतून आरसा निघाला, दुसरीच्या चादरीतून लोणच्याची बरणी. यादी हातात घेऊन मी शाळेच्या पटांगणातून घाईने चालले होते, तेवढ्यात जोर्वेकर मास्तर कळवळून ओरडले, "बाई, भिंत! भिंतीतून आलात!"

भिंत कुठेच नव्हती. जमिनीवर एक पांढरी रेघ होती.

राहात्याच्या आमच्या मुलींच्या शाळेची सहल आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात, जंगलखात्याच्या बंगल्यात एक रात्र राहायला निघणार होती. मुलींनी घराबाहेर रात्र काढायची ही आमच्या शाळेतली पहिलीच वेळ. चित्रकला आणि भूगोल शिकवणाऱ्या जोर्वेकर मास्तरांनी त्याआधी आठ दिवस खो-खोचं मैदान आखायची पांढरी फक्की घेतली आणि तो अख्खा बंगला पटांगणात आखून काढला. लहान करून नव्हे, जेवढ्यास तेवढा. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे सैपाकघर. तरुणपणी ते जंगलखात्यात कारकून होते, त्यामुळे बंगला त्यांच्या माहितीतला. याहून जास्त आम्हाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

ओसरीला दोन पायऱ्या होत्या. म्हणजे खऱ्या बंगल्याला. पटांगणात मास्तर तिथे पाय उचलून दोनदा वर चढत आणि मुलींनाही चढायला लावत. सैपाकघरामागे त्यांनी हातभर लांबीरुंदीचा एक चौकोन काढला होता. तिथे पाय ठेवायचा नाही, अशी सक्त ताकीद.

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

"आहे," म्हणाले आणि कंदील पुसायला लागले.

शाळा झाडणारी गंगूबाई वैतागली होती. "बाई, लई तऱ्हा झाली. काल वसरीवरनं झाडत गेले तर मास्तर म्हंत्यात, गंगूबाई, खिडकीतून काय शिरता? आता मला सांगा, हितं खिडकी कुटं हाय?"

मास्तरांचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं. मुली त्यांना 'समजा मास्तर'च म्हणत. "समजा, दिवा विझला." की मुलींनी डोळे मिटून अंथरुणापासून दारापर्यंत जायचं. "समजा, मोटार घाटात बंद पडली." त्या कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीच्या बाबतीत हे समजायचीही गरज नव्हती. "समजा, रेशनचं रॉकेल सांडलं." "समजा, मीठ विसरलं." एकदा कंटाळून मी म्हटलं, "मास्तर, समजा काहीच झालं नाही, तर?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "त्याचीही तयारी हवी, बाई. मुली कंटाळतील." दुसऱ्या दिवशी यादीत 'गाण्याच्या भेंड्या' वाढल्या.

हसायला ठीक होतं, पण सहल अजून ठरलेली नव्हती. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब यांची परवानगी बाकी होती. त्यांची नात शालिनी याच वर्गात. आबासाहेब नाही म्हणाले की गावातला एकही बाप मुलीला पाठवणार नव्हता. मोटार शनिवारी सकाळी सातला सांगितलेली आणि आबासाहेब बघायला येणार शुक्रवारी चार वाजता.

आले ते काठी टेकत, कपाळाला आठ्या घालून. "पोरी रानात रात्र काढणार म्हणे," असं म्हणत थेट आमच्याकडे चालत निघाले.

"भिंत!" मास्तर ओरडले.

आबासाहेबांचा पाय हवेतच राहिला. त्यांच्या अंगावर ओरडलेलं माणूस गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. शालिनीने तोंडावर हात ठेवला. सहल संपली, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

आबासाहेबांनी रेघेकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. पाय मागे घेतला. "दार कुठंय?"

"ओसरीवरून. दोन पायऱ्या आहेत, आबासाहेब. सांभाळून."

आणि आबासाहेब काठी वर टेकवत दोन पायऱ्या चढले! आत येऊन त्यांनी प्रत्येक मुलीची झोपायची जागा बघितली, मोरी विचारली, विहीर किती लांब ते विचारलं. मग शालिनीपुढे उभे राहिले. "समजा, रात्री दार वाजलं. तर?"

"दार उघडायचं नाही, आधी आवाज ओळखायचा, बाईंना उठवायचं!" एकवीस तोंडांतून एकदम उत्तर आलं.

"हं." आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "जाऊ द्या पोरींना. पण मुक्कामाला फक्त बाया. बाई जातील, गंगूबाई जाईल. पुरुषमाणूस नको."

सगळ्या मुली मास्तरांकडे बघायला लागल्या.

"ते मी आधीच धरलं होतं," मास्तर म्हणाले आणि यादी पुढे केली. तिच्यात त्यांचं नाव पहिल्या दिवसापासून नव्हतं.

दिवेलागणीला हजेरीपट घ्यायला मी परत शाळेत गेले. पटांगणात मास्तर एकटेच होते. फक्कीच्या ओसरीवर मांडी घालून बसलेले. वहाणा रेघेबाहेर, पायरी असायची तिथे, नीट काढून ठेवलेल्या.

मला पाहून ते उठायला लागले. "बसा," मी म्हटलं. "मी दारातूनच बोलते."

"दोन वर्षं राहिलो तिथे," ते म्हणाले. "आम्ही दोघं. संध्याकाळी ती याच जागी बसायची. मग तिला हिवताप आला. त्यानंतर मी नोकरी सोडून खाली आलो, परत गेलो नाही." त्यांनी सैपाकघरामागे बोट दाखवलं. "तिथे सोनचाफा लावला होता तिनं. एवढासा होता. समजा, अजून असला, तर..."

आठ दिवसांत त्यांचं 'समजा' पहिल्यांदाच अर्धवट राहिलं. त्यापुढे काय करायचं, हे यादीत नव्हतं.

"पौषात फूल मिळायचं नाही," मी म्हटलं. "पण झाड असलं तर पान आणीन. नसलं तर नाही म्हणून सांगेन. उगाच दुसऱ्या झाडाचं आणणार नाही."

"तेच बरं," ते म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला सांगितलं."

मी हजेरीपट घेतला आणि घरी गेले. धपाटी करायची होती.

सकाळी मोटार आली ती खोकतच. मास्तर फाटकाशी आमच्याकडे पाठ करून वळकट्या मोजत होते. "सोळा, सतरा... समजा, एखादी वरून पडली! दोर आवळ रे!" गंगूबाई कधीच पुढे जाऊन बसली होती. कचेरीपासून फाटकापर्यंतची सरळ वाट बंगल्याच्या मधून जात होती, आणि आठ दिवस मी तिथून बेधडक भिंतीतून ये-जा केली होती.

"बाई, चला की! मोटार निगंल!" गंगूबाईने हाक मारली.

मी ट्रंक उचलली. ओसरीशी वळून दोन पायऱ्या चढले, दाराने आत गेले, सैपाकघराच्या दाराने बाहेर पडले, मागच्या चौकोनाला वळसा घातला आणि मोटारीत जाऊन बसले.