चार जीबीचा सत्कार

म्हसावदच्या हेमकांतच्या स्टुडिओत आलेलं लग्न कधी हरवत नाही, असं हेमकांतच सगळ्यांना सांगत असे. त्यासाठी त्याने राउटरला एक जुनी हार्ड डिस्क जोडून ठेवली होती. कॉम्प्युटरवरचं सगळं काम नेटवर्कवरून आपोआप तिच्यात उतरायचं. बायको रूपाली म्हणायची, एकदा उघडून तर बघा. पण उघडून बघायचं म्हणजे स्वतःच्याच हुशारीवर संशय घ्यायचा! ते हेमकांतला कसं जमणार?

हेमराजभाऊंच्या मुलीच्या, ममताच्या लग्नात तर त्याने कमालच केली. कॅमेरा बिचारा दर चार जीबीला फाईल तोडून देतो. याने सगळे तुकडे जोडून अकरा जीबीची एकच अखंड फाईल केली. ती बॅकअपला लावली, डिस्कवर तिचं नाव दिसताच कार्ड पुसलं आणि कॉम्प्युटरवरचीही उडवून जागा मोकळी केली.

महिन्याभराने हेमराजभाऊ आले, सोबत त्यांचे मेहुणे रेवजी. लग्नात आपल्याला सत्काराचा टोपी-टॉवेल मिळालाच नाही म्हणून रेवजीमामा रुसले होते. सख्ख्या बहिणीशी, ममताच्या आई शोभाबाईंशी, त्यांनी बोलणं टाकलं होतं आणि ती बिचारी रोज रडत होती. आता पुरावा एकच, हेमकांतची फिल्म.

"दखाडी दे भो यासले," हेमराजभाऊ म्हणाले.

फिल्म सुरू झाली. आपल्याकडे अक्षता पडण्याआधी माईक सुटतो, तो कोणाच्या बापाला आवरत नाही. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, सोसायटीचे चेअरमन झाले. भटजी घड्याळ बघतायत, तर आणखी एक माजी उठले. पाऊण तासाने माईकवाला म्हणाला, "आता वधूचे मामा..." आणि पडदा काळा!

हेमकांतने राउटर बंद-चालू करून पाहिला. मग फाईलचा आकार बघितला. बरोब्बर चार जीबी. डिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, चार जीबीहून मोठी एक फाईल ती घेतच नव्हती. धडगावची जीप रिकामी असली तरी तिच्या दारातून कपाट जात नाही, तसलं काम. पुढचं सगळं गेलं होतं. त्याने मान खाली घालून कबूल केलं.

"मी सांगी ऱ्हायनू ना," रेवजीमामा म्हणाले, "मन्हा सत्कार व्हयनाच नही."

हेमराजभाऊंनी तडक समोरच्या दुकानातून टोपी-टॉवेल आणला, शोभाबाईंना बोलावून घेतलं आणि स्टुडिओतच मामांचा सत्कार उरकला. बहीण-भाऊ गळ्यात पडून रडले. हेमकांतचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नवापूरच्या सासरहून हेमराजभाऊंना ममताचा फोन आला. तो स्पीकरवर होता. मामांचं मिटलं हे ऐकून तिला बरं वाटलं, मग तिने विचारलं, "पन मन्हं लगीन कोठे शे?"

चार जीबीत तिचं लग्न लागलंच नव्हतं.

मामांनी नवी टोपी सारखी केली. "त्यामा काय शे, बेटा," ते उदारपणे म्हणाले. "मन्हा सत्कार परत व्हयना, तसं तुन्हं लगीनबी परत लाई टाकूत."

हेमराजभाऊंनी घाईघाईने फोन कापला. पुन्हा लग्न म्हणजे माईकही पुन्हा पहिल्यापासून.