चार इंच वर

चष्मेवाल्यांच्या डोक्यात गाडी उंच करून घ्यायचं आलं ते नदीकाठच्या भिंतीमुळे.

गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांची पिकअप. वडील सुतार. कपाटं, पलंग, टेबलं त्यांनी जन्मभर तिच्यातून घरोघर पोचवली. ते गेल्यावर, चष्म्याच्या दुकानाला पिकअप कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं. (चष्मे पोचवायला शर्टाचा खिसा पुरतो.) पण चष्मेवाल्यांच्याने ती विकवली नाही. दार उघडलं की अजून लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा वास यायचा, आणि ते थोडा वेळ स्टिअरिंग धरून नुसतेच बसून राहायचे. रविवारी आईला आणि बायकोला घेऊन एक चक्कर मारायची, हा नेम.

अशाच एका चक्करीत, आईचा डोळा लागलेला असताना, ते म्हणाले, "लहानपणी या गाडीतून मला भिंतीपलीकडची नदी दिसायची. होड्या दिसायच्या. आता नुसती भिंत दिसते."

"भिंत वाढवली असेल," बायको म्हणाली.

"भिंत तीच आहे. गाडी खाली बसलीय."

(दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात हयात गेलेला माणूस. त्याच्या नजरेवर शंका कोण घेणार?)

गॅरेजवाल्याने गाडीखाली डोकावून विचारलं, "साहेब, लिफ्ट किट बसवू. पण गाडी न्यायची कुठे? डोंगरात की चिखलात?"

"भिंतीपर्यंत," चष्मेवाले म्हणाले.

गॅरेजवाल्याने डोकं बाहेर काढलं. त्याने प्रकार सांगितले. जुन्या स्प्रिंगांवर जाड चकत्या ठेवल्या तर गाडी दोन इंच वर येते. पाटे, स्प्रिंग, शॉकअप सगळं नवं घातलं तर चार इंच. सहा इंचांचंही किट होतं, पण त्याची त्याने शिफारस केली नाही. "तुमच्या वयाला दोन बास," असं मात्र तो म्हणाला, आणि तिथेच दोन इंचांचा पत्ता कट झाला.

तरी घाई नको म्हणून घरी त्यांनी जेवायच्या खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून पाहिले. दोन इंचांत काही जाणवेना. चार इंचांवर बसले, तर घास तोंडापर्यंत पोचायच्या आत शर्टावर उतरू लागला.

"यातून काय कळलं?" बायकोने विचारलं.

"चारच घ्यायचं."

"मला एवढंच कळलं की शर्ट धुवायला टाकायचा."

त्यांनी लगेच गॅरेजला फोन लावला. आतल्या खोलीत आई विणत बसली होती. तिच्या कानावर पडलं ते असं:

"वय झालंय तिचं, पण बॉडी अजून दणकट आहे. हो, खालून पार बसलीय, उचलायलाच हवी. शॉक? द्या की, नवे द्या. उद्या आणून सोडतो. ठेवून घ्या तुमच्याकडे, आम्हाला काही घाई नाही."

चष्मेवाले आत गेले तेव्हा आई मांडीवर पिशवी घेऊन, चप्पल घालून बसली होती.

"मी माझ्या बहिणीकडे जाते," ती म्हणाली. "मला कुणी उचलायची गरज नाही. शॉक तर मुळीच नकोत."

"अगं आई, गाडीबद्दल बोलत होतो मी."

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली. "बापावर गेलायस. तेही तिच्याबद्दल असंच बोलायचे. आज जरा कुरकुरतेय, आज रुसलीय. पुढच्या खोलीतून ऐकू यायचं, आणि मला वाटायचं, माझंच चाललंय. एकदा तर दोन दिवस अबोला धरला होता मी." ती हसली, आणि तिने पिशवीतून विणकाम परत बाहेर काढलं.

किट बसलं. पुढच्या रविवारी गाडी ऐटीत दारात उभी राहिली, आणि आत चढायचं कसं, हा प्रश्नही तिच्याशेजारी उभा राहिला. बायको स्टूल घेऊन आली. स्टुलावरून ती चढली. आईला तिने वरून ओढलं, चष्मेवाल्यांनी खालून रेटलं आणि स्टूल मागच्या हौद्यात टाकलं.

"शेवटी उचललंसच मला," आई म्हणाली.

नदीकाठी त्यांनी गाडी हळू केली. मान ताणली. भिंतीचा वरचा थर जरा जवळ आला होता. त्यापलीकडे काही नाही.

"काय शोधतोयस?" आईने विचारलं. या वेळी ती जागी होती.

त्यांनी सांगितलं.

"सीटवरून तू कधी रे नदी पाहिलीस? सीटवर बसलास की तुला समोरची काचसुद्धा दिसायची नाही. बाबा इथे गाडी थांबवायचे, तुला हौद्यात घ्यायचे, टपावर उभं करायचे आणि तुझे पाय धरून उभे राहायचे. नदी तू बघायचास. त्यांना दिसायचे तुझे पाय."

चष्मेवाल्यांनी गाडी बंद केली. घोट्यांभोवतीची ती पकड त्यांना आठवली. खरखरीत तळवे, भेगांत मुरलेलं पॉलिश. ती पकड इतकी पक्की असायची की खाली बघायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

ते स्टुलावरून हौद्यात चढले. गुडघा कुरकुरला. हौद्यातून टपावर जाऊन ते बसले. (उभं राहायचा धीर झाला नाही; पाय धरायला कोण होतं?) नदी दिसली. थोडी रोडावलेली, होडी एकच, पण पाण्यावरचा उजेड तोच. कितीतरी वेळ ते बघत राहिले.

"आई, दिसतेय गं," ते म्हणाले. "तशीच आहे."

खालून उत्तर आलं नाही. आलं ते समोरून: "हो, तशीच आहे." भिंतीपलीकडे, नदीच्या पायऱ्यांवर आई आणि बायको पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"तुम्ही तिकडे कशा पोचलात?"

"फाटकातून," आई म्हणाली. "गाडीच्या मागेच आहे बघ. भिंत बांधली तेव्हापासून आहे."

"मग बाबा मला टपावर कशाला चढवायचे?"

"फाटकातून आणलं की तू कपड्यांसकट पाण्यात शिरायचास."

चष्मेवाल्यांनी क्षणभर विचार केला. "थांबा, मी पण येतो तिकडे."

"या की," बायको म्हणाली. मग तिने आईंच्या खाली पाहिलं. "अहो, पण स्टूल इकडे आहे. आईंना बसायला आणलं. बसा जरा, पाय सुकले की घेऊन येते."