न मोडणारी पिन

लोखंडातलं मला कुणी शिकवायचं नाही! वसईच्या कारखान्यात लेझरचं मशीन चालवतो मी. पोलादाची पिठासारखी पूड थरावर थर टाकून लेझरने वितळवायची, मग भट्टीत भाजायची. असा चिवट पार्ट निघतो की हातोड्याने माघार घ्यावी.

परवा प्रतिक्षाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नाला साखरशेतला आलो. लग्न उद्यावर आणि मांडवाच्या जेवणाचं भात अजून भरडायचं होतं. गावातल्या भिकाकाकांच्या गिरणीत चाक आणि दांडा जोडणारी एक बोटाएवढी पिन आहे. ती सारखी मोडते. मागच्या खेपेला तिचं माप नेऊन मी कारखान्यात नवी बनवली होती.

"काका, ही मोडली तर मिशी उतरवीन."

"बसव बाबा," काका म्हणाले, "रोजची कटकट तरी जाईल."

खरंच मोडली नाही. भातातून खडा आत गेला, गिरण कण्हली, पट्टा तुटून माझ्या कानाजवळून सणसणत गेला. पिन जागच्या जागी. मी जोशात, खडा न काढताच, दुसरा पट्टा चढवून गिरण सुरू केली. दांडा पिळवटला. मग धाडकन आवाज झाला आणि गिरणीचा लोखंडी जबडाच दुभंगला. काका मटकन पोत्यावर बसले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती पिन मुद्दाम मऊ ठेवलेली होती! खडा अडकला की तिने मोडायचं आणि गिरण वाचवायची. रोज पार्टांची ताकद तपासणाऱ्या माणसाला हे कळू नये?

"दादा, उद्या वऱ्हाडाला काय वाढू? पिन?" प्रतिक्षा रडवेली झाली.

जव्हारच्या गिरणीत भात न्यावं तर गावातली जीप मांडवाचं सामान आणायला गेलेली. बायकांनी उखळं बाहेर काढली. आईने माझ्या हातात मुसळ दिलं. संध्याकाळपर्यंत कांडलं. तांदूळ झाला, पण तळहातांवर टरटरून फोड आले. आईने त्यांवर नवरीला लावून उरलेली हळद थापली.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या एका दूरच्या आजीने, जिला जरा कमीच दिसतं, माझे पिवळे हात बघितले. मला धरून थेट पाटावर बसवलं आणि ओवाळायला घेतलं.

"नवरदेव गुणाचा दिसतो हो," आजी म्हणाली.

दारात खरा नवरदेव वरातीसकट उभा होता. आतून प्रतिक्षा ओरडली, "अगं आई, दादाला उठव आधी, ते परत जातील!"